वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर, आता आम्ही भावांनी पीएसए करून घ्यावी का?

साताऱ्याचा_शेखर

नमस्कार. वडील ७४ वर्षांचे, गावी शेती करतात. दिवाळीपासून कंबर धरली होती. ऊसतोडीच्या दिवसांत कंबर कुणाची दुखत नाही, म्हणून तेल, शेक, पट्टा असं चाललं होतं. लघवीची काहीच तक्रार नव्हती. शेवटी एमआरआय केला तर मणक्यांत डाग दिसले आणि पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा ३०० च्या वर आला. तुकडा तपासला, ग्लीसन ९ (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितका वाईट). हाडांत पसरलेला आहे. हॉर्मोन बंद करणारं इंजेक्शन सुरू झालंय, दुखणं बरंच उतरलंय, परवा स्वतः उठून गोठ्यापर्यंत गेले.

आता आमचा प्रश्न. मी ४७, धाकटा ४३. दोघांनाही काही त्रास नाही. एक डॉक्टर म्हणाले, दोघांनी उद्याच पीएसए करा. दुसरे म्हणाले, लक्षणं नसताना करू नका, एकदा आकडा वाढलेला दिसला की मागे वळता येत नाही. दोघेही अनुभवी आहेत. ज्यांनी स्वतः केली आहे किंवा विचार करून टाळली आहे, त्यांनी कृपया लिहावं.

कांदेपोहे

काकांना आराम पडो. करून टाका राव, हजाराच्या आतलं काम. साधी रक्ताची चाचणी आहे, उपाशी राहायचीही गरज नाही.

भटका_विदर्भी

इतकं सोपं नाही भाऊ. चाचणी स्वस्त आहे, पुढचं महाग आहे, आणि मी फक्त पैशांचं म्हणत नाही.

माझ्या काकांनी नागपुरात फुल बॉडी चेकअप केलं. साखर आणि कोलेस्टेरॉल पाहायला गेले होते, पॅकेजमध्ये पीएसए होती हे त्यांना रिपोर्ट हातात आल्यावर कळलं. आकडा ६.२, पुढे लाल बाण. तो बाण पाहून काकूंनी जेवण सोडलं. लगेच बायोप्सी, गुदद्वारातून सुई घालून. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, रक्तात जंतू पसरले म्हणून आयसीयू. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाहीच. पण "नाही" म्हटल्यावरही सुटका नाही, कारण आकडा अजून तेवढाच आहे आणि दर वेळी तोच घोर. बिना लक्षणाच्या माणसाला या फेऱ्यात कशाला टाकायचं?

ऋजुता

विदर्भी यांच्याशी सहमत, पण कारण थोडं वेगळं. मी आकडेवारीच्या क्षेत्रात आहे म्हणून आकड्यांतच बोलते.

सरसकट सगळ्या पुरुषांची तपासणी करावी का, यावर सर्वात मोठा अभ्यास युरोपातल्या आठ देशांत झाला. त्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी. म्हणजे ४५६ जणांना बोलावलं तर एक मृत्यू टळला. आणि तो एक टळावा म्हणून नेहमीपेक्षा १२ जास्त जणांना "तुम्हाला कॅन्सर आहे" असं सांगावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांना तो कॅन्सर जन्मभर काही करणार नव्हता. प्रोस्टेटचा कॅन्सर अनेकदा इतका सावकाश वाढतो की माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. ऐंशी ओलांडून इतर कारणांनी गेलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात तो कितीतरी जणांमध्ये सापडतो.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये सांगितलं, ही तपासणी नको. २०१८ मध्ये बदललं: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा, ७० नंतर नको. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेट नाही. आपल्याकडे याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे तो निर्णय मला योग्य वाटतो.

पण हे सगळं सरसकट लोकांसाठी. शेखर यांच्या घरात वडिलांनाच झालेला आहे. त्यांचा प्रश्न सरसकट राहिलेलाच नाही, तो वेगळा हिशोब आहे.

शल्यक

मी युरॉलॉजिस्ट आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, लघवीची नळी तिच्या मधून जाते. पीएसए हे प्रथिन ती ग्रंथी निरोगी असतानाही बनवते. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, लघवी काढायला बाहेरून नळी (कॅथेटर) घातली, तरी रक्तातला आकडा चढतो. लांबचं सायकलिंग किंवा वीर्यस्खलन झालं असेल तरी थोडा चढू शकतो, म्हणून आदले दोन दिवस दोन्ही टाळायला सांगतो. संसर्ग होऊन गेला असेल तर सहा आठवडे थांबायचं. ४ ते १० मध्ये आकडा असलेल्या चार जणांपैकी साधारण एकालाच कॅन्सर निघतो. उलट ४ च्या आत असूनही कॅन्सर निघू शकतो.

आता लघवीचं. शेखर, तुमच्या वडिलांना तक्रार नव्हती यात आश्चर्य नाही. वयानुसार होणारी साधी वाढ नळीभोवतीच्या भागात होते, म्हणून धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून लांब. तो बराच मोठा होईपर्यंत लघवीला अडथळा येतच नाही. रात्री चार वेळा उठणारा माणूस घाबरून माझ्याकडे येतो आणि त्याला बहुतेकदा कॅन्सर नसतो. ज्याला खरोखर असतो, तो ठणठणीत फिरत असतो. "त्रास होईल तेव्हा बघू" हे धोरण या एका आजारात चालत नाही.

विदर्भी यांच्या काकांबाबत: ६.२ वर थेट सुई घालायला नको होती. आधी लघवी तपासायची, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करायची. आकडा तसाच राहिला तर प्रोस्टेटचा एमआरआय. त्यात संशयाची जागा दिसली तरच तुकडा, तोही नेमका तिथून. २०१७ आणि २०१८ मध्ये आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनंतर ही पद्धत रुळली. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांची बायोप्सी एमआरआयवरच टळते. आणि आता अनेक ठिकाणी सुई गुदद्वारातून न घालता अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घालतात, त्यात जंतुसंसर्ग फार कमी.

भटका_विदर्भी

@शल्यक, हे कुणी आम्हाला तेव्हा सांगितलं असतं तर. काकांना आता दुसऱ्यांदा बायोप्सीला बोलावलंय. आधी एमआरआय मागायला सांगतो.

शल्यक

नक्की मागा. आणि काका प्रोस्टेटच्या वाढीसाठी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड घेतात का तेही पाहा. ही औषधं सहा महिने घेतली की पीएसए निम्म्यावर येते. अशा माणसाचा रिपोर्ट ३ असेल तर तो ६ धरून वाचावा लागतो. डॉक्टरांना औषधाची चिठ्ठी दाखवली नाही तर सगळेच गाफील राहतात.

सुमेधा

खूप उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. माझे बाबा ६६. रात्रीतून किती वेळा उठतात ते आईला माहीत आहे, पण डॉक्टरांसमोर बसले की "मला काही नाही" एवढंच. मुलीने हा विषय काढायचा कसा?

आजोबा_कोथरूड

सुमेधाताई, थेट विचारायचं. "बाबा, रात्री किती वेळा उठावं लागतं? धार पूर्वीसारखी आहे का?" आमच्या पिढीला कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही. माझ्या सुनेने विचारलं तेव्हा मला संकोच कमी आणि बरं जास्त वाटलं.

माझा अनुभव देतो. वय ७१. एमआरआय झाला, तुकडा काढला, ग्लीसन ६ निघाला, एकाच बाजूला. घरात कॅन्सर हा शब्द आला की सगळ्यांची एकच घाई, काढून टाका. रोबोटने ऑपरेशन करायची तारीखही मिळाली होती. मुलाचा मित्र कॅन्सरतज्ज्ञ आहे, तो घरी आला, रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर पसरून बसला आणि म्हणाला, काका, हा सगळ्यात खालच्या पायरीचा आहे, याला आत्ता हात लावायची गरज नाही, पण याच्याकडे पाठ फिरवायची नाही.

तेव्हापासून सहा महिन्यांनी पीएसए, ठरलेल्या वेळी एमआरआय, गरज पडली तर पुन्हा तुकडा. याला ते सक्रिय देखरेख म्हणतात. पहिलं वर्ष अवघड गेलं, खोटं कशाला सांगू. रात्री दिवा बंद केला की वाटायचं, आत काहीतरी आहे आणि आपण नुसते बसलोय. आता तसं वाटत नाही. सकाळी तळजाईला जातो, नातवाला शाळेत सोडतो.

ऋजुता

आजोबा, तुमच्या निर्णयाच्या पाठीशी भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागलं होतं. १५ वर्षांनी तिन्ही गट मिळून या कॅन्सरने गेलेले ३ टक्क्यांहून कमी होते आणि गटागटांत विशेष फरक नव्हता. देखरेखीतल्या अनेकांना पुढे उपचार घ्यावे लागले, पण तोवरची वर्षं दुष्परिणामांशिवाय गेली.

पीएसएवरचा माझा निम्मा आक्षेप "आकडा, सुई, ऑपरेशन" अशा सरळ घसरगुंडीवर आहे. मध्ये थांबायच्या जागा असतील आणि डॉक्टर तिथे थांबणारे असतील, तर तोटा बराच कमी होतो.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. आजोबांचा अनुभव वाचून सगळ्यांनीच देखरेख धरावी असं होऊ नये म्हणून दुसरी बाजू.

मी ५८. पीएसए तीन वर्षांत २.१ वरून ४.८. बायोप्सीत ग्लीसन ७, त्यातला वाईट प्रकार, ४ अधिक ३. ऑपरेशन केलं. पीएसए आता मोजता येणार नाही इतकी कमी आहे.

पण त्याची किंमत कुणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून सांगतो. ऑपरेशननंतर घातलेली कॅथेटरची नळी काढल्यावर लघवीवर ताबा राहत नाही. खोकला आला, खुर्चीतून उठलो, पिशवी उचलली की थेंब. ऑफिसच्या बॅगेत लॅपटॉपच्या कप्प्यात पॅड आणि एक जादा पँट. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची. काही महिन्यांनी सुधारलं, आता पॅड लागत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घ्या, फिजिओथेरपिस्टकडून, व्हिडिओ बघून नव्हे. शारीरिक संबंध पूर्वीसारखे राहिले नाहीत. औषधाने थोडं जमतं. बायकोशी हे आधी बोललो होतो म्हणून आम्ही दोघं निभावून नेतोय. ज्यांनी आधी बोलणं टाळलं, त्यांची घरं मी इथल्या सपोर्ट ग्रुपमध्ये पाहिली आहेत.

तरी मी पुन्हा तोच निर्णय घेईन. २०२५ च्या मे महिन्यात बायडन यांचं निदान जाहीर झालं, ग्लीसन ९, हाडांत पसरलेला. त्यांची शेवटची पीएसए २०१४ मधली. वयाच्या नियमाप्रमाणे त्यानंतर न करणं बरोबरच होतं, तरी तसं झालं. नियम सगळ्यांसाठी असतात, माणूस एकटा असतो.

कांदेपोहे

हे वाचून आधीचा माझा प्रतिसाद फार घाईचा वाटतोय. बाकी आमच्याकडे एक काका रोज गोखरूचा काढा, भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोचं सार घेतात. प्रोस्टेटला काही होत नाही म्हणतात. टोमॅटो शंभरीला पोचले तेव्हाही सोडलं नाही त्यांनी, निष्ठा मोठी आहे :)

शल्यक

सार जरूर प्यावं, चवीला उत्तम. पण त्याने कॅन्सर टळतो असा पुरावा नाही. गोळ्यांबाबत मात्र सावध करतो. अमेरिकेत ३५,००० हून अधिक पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली, याच कॅन्सरपासून संरक्षण मिळतं का हे पाहायला. सेलेनियमचा उपयोग झाला नाही आणि नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. "जीवनसत्त्वच आहे, काय होतंय" म्हणून वर्षानुवर्षं गिळू नका.

लंडनची_सून

मी इथे नर्स आहे. ब्रिटनमध्येही हा वाद पेटलेला आहे. ऑलिम्पिक सुवर्णविजेता सायकलपटू क्रिस हॉय याने २०२४ मध्ये सांगितलं की त्याचा कॅन्सर हाडांत पसरलाय आणि बरा होणारा नाही. वय पन्नाशीच्या आत, वडील आणि आजोबा दोघांनाही झालेला. इथे पन्नाशीनंतर डॉक्टरांकडे पीएसए मागता येते. ज्यांच्या घरात आहे त्यांना आधी बोलवा, असा त्याचा आग्रह आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या राष्ट्रीय समितीचा मसुदा आला: सगळ्यांची तपासणी नको, पण बीआरसीए जनुकात दोष असलेल्या (असा दोष घराण्यात उतरतो आणि स्तन, अंडाशय, प्रोस्टेट अशा कॅन्सरचा धोका वाढवतो) पुरुषांना ४५ ते ६१ या वयात दर दोन वर्षांनी बोलवा.

त्यावरून @शेखर, एक विचारते. वडिलांच्या किंवा आईच्या घरात कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झालाय का? बाईचा आजार आणि पुरुषाचा आजार असे दोन वेगळे कप्पे करून आपण कुटुंबाची माहिती सांगतो, आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट राहून जाते.

साताऱ्याचा_शेखर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वडिलांसोबत दवाखान्यात होतो.

@लंडनची_सून, तुमचा प्रश्न वाचून आईला विचारलं. माझी थोरली आत्या, वडिलांची सख्खी बहीण, चाळिशीतच गेली. आम्हाला लहानपणी "छातीचं दुखणं" असं सांगितलं होतं. स्तनाचा कॅन्सर होता. मी हे कोणत्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही की त्याचा वडिलांच्या आजाराशी संबंध असेल.

लंडनची_सून

हे उद्याच वडिलांच्या कॅन्सरतज्ज्ञांना सांगा. जनुकीय तपासणी आधी वडिलांची करायची, तुमची नाही. पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर हेच त्या तपासणीचं पुरेसं कारण आहे, आत्यांमुळे ते आणखी पक्कं झालं. त्यांच्यात दोष सापडला तर तुम्हा भावंडांत प्रत्येकी निम्मी शक्यता. वडिलांनाही उपयोग आहे: बीआरसीएचा दोष असेल तर पुढे ओलापॅरिब नावाच्या गोळ्यांचा मार्ग खुला होतो.

आणि तुम्हाला बहीण आहे का? असेल तर या यादीत तिचं नाव पहिलं.

साताऱ्याचा_शेखर

आहे. ३९ वर्षांची, दोन मुली. तिला रात्री फोन केला.

शल्यक

अगदी योग्य सल्ला. मूळ प्रश्नाकडे येतो.

शेखर, तुम्ही ४७ आहात आणि वडिलांना आजार आहे. वडिलांना किंवा भावाला असला की धोका साधारण दुप्पट. मी तुम्हाला पीएसए करायला सांगेन, भावालाही. घरातला इतिहास असा असेल तर ४० ते ४५ पासून एकदा पायाभूत आकडा घेऊन ठेवावा. १ च्या खाली असेल आणि जनुकात दोष नसेल तर पुढची चाचणी काही वर्षांनी, दरवर्षी रांग लावायची गरज नाही. दोष निघाला तर वेळापत्रक वेगळं, ते तज्ज्ञ ठरवतील. गुदद्वारातून बोटाने केलेली प्रोस्टेटची तपासणी एकट्याने फारसं सांगत नाही, म्हणून तिच्या धास्तीने कुणी चाचणी टाळू नये.

फक्त रक्त देण्याआधी दोघा भावांनी ठरवा: आकडा चढला तर आधी पुन्हा मोजू, मग एमआरआय, मगच सुई. आणि खालच्या पायरीचा निघाला तर घाई करणार नाही. आधीच ठरलेलं असलं की लाल बाण पाहून घर हलत नाही.

वडिलांबाबत एक महत्त्वाचं. मणक्यात आजार आहे. पायांत अचानक अशक्तपणा, मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. मज्जारज्जूवर दाब आला तर तासांचा हिशोब असतो, उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, शेजाऱ्यांनाही.

गोदातीर

इंजेक्शनच्या खर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या सासऱ्यांना तीन महिन्यांनी इंजेक्शन होतं, खर्च झेपेना. डॉक्टरांनी पर्याय दिला, अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन. हॉर्मोन बंद होण्याचा परिणाम तोच, आणि एकदाच. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं होतं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला, म्हणाले, सत्तरीत मला काय करायचंय, आणि होकार दिला. प्रत्येकाला मनाने जमेल असं नाही, पण पर्याय आहे हे माहीत असावं. महात्मा फुले योजनेत काय बसतं तेही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

सुमेधा

बाबांना काल विचारलं. तीनदा उठतात, म्हणाले. शनिवारची वेळ घेतली आहे. औषधांची चिठ्ठी नेणार आहे, त्यात ड्युटास्टराइड आहे! दोन वर्षांपासून. मागच्या वर्षीचा रिपोर्ट २.९, आम्ही सगळे निर्धास्त होतो.

शल्यक

घाबरू नका, पण तो ५.८ धरून डॉक्टरांना दाखवा. औषध सुरू व्हायच्या आधीचा एखादा रिपोर्ट घरात सापडला तर तोही न्या, तुलना त्याच्याशीच होईल.

साताऱ्याचा_शेखर

वडिलांचं रक्त जनुकीय तपासणीला गेलं. रिपोर्टला काही आठवडे लागतील. आम्ही दोघं भाऊ सोमवारी पीएसए देतोय. धाकटा रोज कास पठाराच्या घाटात सायकल मारतो, त्याला शनिवार-रविवार सायकलला हात लावू नको म्हणून सांगितलंय. बहीण पुढच्या आठवड्यात येतेय, तिच्यासाठी जनुकीय समुपदेशकाची वेळ घेतली आहे. गोदातीर, योजनेच्या माहितीसाठी विशेष आभार, आरोग्यमित्र भेटले, कागद दिलेत.

भटका_विदर्भी

काकांचा एमआरआय बुधवारी. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.